व्हॅनमध्ये जागा नव्हती

"थांबा जरा. कोणी बोलू नका."

असं म्हणून मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. डोळे मिटलेले. रस्त्यावरून ट्रक धडधडत जात असायचे आणि कडेला आम्ही अकरा मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी गप्प उभी असायचो. त्यात एक दातांचे डॉक्टर, दोघं बँकेतले अधिकारी, एक प्लॉटचा व्यवसाय करणारे, आणि कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारा मी. थोड्या वेळाने मिस्त्री डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "टॅपेट वाजून राह्यला. बाकी काही नाई. चहा पिऊन घ्या तवर."

चहा संपेपर्यंत गाडी गप्प झालेली असायची.

तुमच्याही माहितीत असा माणूस असेल, ज्याला सगळे त्याच्या कामावरूनच हाक मारतात. मिस्त्रींना नाव नव्हतं असं नाही. नालवाडीत कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं शेड होतं, त्यावर लाल रंगात ते लिहिलेलं होतं. आमच्यापैकी प्रत्येकाने ते शंभरदा वाचलं होतं, पण पाच वर्षांत एकानेही उच्चारलं नाही. मीही नाही. आता इथे लिहायला गेलो तर हात अडतो. उशिरा सुचलेलं सौजन्य वाटेल ते.

आमचा मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप. नाव इंग्रजीत, आणि त्यात एक वाघ. महिन्यातून एका रविवारी आम्ही जाकिटं घालून निघायचो. घरून निघताना बायको म्हणायची, "गुडघ्याला पट्टा बांधलात का?" आणि मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढत 'हो' म्हणायचो. सिंदी मेघेतली आमची गल्ली संपेपर्यंत मला माझं वय आठवायचं, नंतर आठवायचं नाही.

आमच्यामागे एक पिकअप व्हॅन असायची. पुढे ड्रायव्हर आणि आणखी एकाची जागा, मागे ताडपत्री. तिला आम्ही 'सपोर्ट व्हॅन' म्हणायचो. ती चालवायचे मिस्त्री. निघताना ते प्रत्येकाच्या गाडीजवळ जाऊन चाक दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आरामात जा. मी मागं हाय."

व्हॅनमध्ये ट्यूब, प्लग, क्लचच्या तारा, पेट्रोलचा कॅन हे सगळं असायचंच. पण मिस्त्रींची म्हणून एक वेगळी पिशवी होती. तिच्यात लिंबं, साखरमीठ, सुई-दोरा, सेफ्टी पिना, जुनं धोतर. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. एकदा पुलगावच्या पुढे बँकेतल्या साहेबांची पँट गाडीवर टांग टाकताना मागून उसवली. साहेब भिंतीला पाठ लावून उभे. मिस्त्री शांतपणे पिना घेऊन गेले, पिना लावल्या आणि परत येऊन आम्हाला म्हणाले, "हसू नका. चारचौघातली गोष्ट हाय." आम्ही हसलो नाही. ते मात्र व्हॅनच्या आड जाऊन तोंडावर फडकं धरून खूप हसले. मी पाहिलं.

ढाब्यावर ते आमच्यात बसायचे नाहीत. "मी गाड्यांपाशी बरा," म्हणायचे. पहिल्या एक-दोन वेळा आम्ही आग्रह केला. मग त्यांची सवय म्हणून सोडून दिलं. कोणाच्या सोयीची होती ती सवय, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

एकदा मी त्यांच्या शेडमध्ये गाडी घेऊन गेलो होतो. ते काम करता करता सहज म्हणाले, "सर, पाच वर्षं मी तुमच्या पाठीच पाहून राह्यलो. आता पाठीवरून माणूस समजते. डॉक्टरसाहेब वळणावर घाबरतात. अध्यक्ष सरळ रस्त्यावर जोर दाखवतात, खड्डा आला का सगळ्यात आधी मंद होतात."

"आणि मी?"

त्यांनी पाना पुसला. "तुम्ही ब्रेक लय उशिरा दाबता. आणि दाबता तवा एकदम दाबता. मागच्यानं काय करावं?"

मी हसलो. तेवढ्यात माझं लक्ष शेडच्या भिंतीला टेकवलेल्या सायकलकडे गेलं. आम्हा सगळ्यांच्या गाड्या जिवंत ठेवणाऱ्या माणसाकडे स्वतःची मोटरसायकल नव्हती. होती एके काळी. मुलीच्या लग्नाआधी विकली, असं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा कामाला लागले.

आता तो दिवस.

फेब्रुवारीतला रविवार होता. ग्रुपला पाच वर्षं झाली म्हणून मोठी फेरी ठरली होती. वर्ध्याहून आर्वी, तिथून आतल्या रस्त्याने कारंजा, मग बोर धरणाजवळ जेवण आणि सेलूमार्गे परत. अध्यक्षांनी केक आणला होता. अध्यक्ष म्हणजे ते प्लॉटवाले. आमच्यात सगळ्यात तरुण आणि मिस्त्रींना 'अरे-तुरे' करणारे एकटेच. केकवर साखरेची मोटरसायकल होती. तो खोका व्हॅनमध्ये मिस्त्रींच्या शेजारच्या सीटवर ठेवला. आर्वीपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला मिस्त्री एका हाताने स्टीअरिंग आणि दुसऱ्या हाताने केक धरत होते, आणि आरशात ते पाहून मला हसू येत होतं.

आर्वीला तर्री-पोहे खाल्ले. उठताना दातांच्या डॉक्टरांची कंबर धरली. त्यांची गाडी तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, आमच्यात सगळ्यात मोठी, सगळ्यात जड. तिच्यावर पुढे झुकून बसणं त्यांना जमेना.

"व्हॅनच्या सीटवर ताठ बसता येईल मला. व्हॅन मी चालवतो," डॉक्टर म्हणाले. "पण गाडीचं काय?"

"मिस्त्री आणेल ना," अध्यक्ष म्हणाले. "काय रे मिस्त्री, झेपेल का? की फक्त नट कसता येतात?"

सगळे हसले. मिस्त्रींनी डॉक्टरांकडे पाहिलं. "आणतो साहेब. तुमची गाडी हाय, जपून आणतो."

डॉक्टरांनी त्यांना हेल्मेट दिलं. हातमोजे दिले नाहीत. डॉक्टर स्वच्छतेच्या बाबतीत जरा काटेकोर होते.

मिस्त्री गाडीवर बसले तेव्हा मी बघत होतो. त्यांनी आधी पायजमा नीट दुमडला, पायांत सँडल होती तिचा पट्टा घट्ट केला. मग चावी फिरवली आणि थोडा वेळ नुसते बसून राहिले. पंचावन्न-सत्तावन्नचा माणूस, पण चेहऱ्यावर जे आलं होतं ते लपवता येत नव्हतं त्यांना. "सर," मला म्हणाले, "आज पहिल्यांदा तुमच्या मागं गाडीवर हावो मी."

आम्ही निघालो. त्या दिवशी मी शेवटून दुसरा, माझ्यामागे मिस्त्री, त्यांच्यामागे बरंच अंतर ठेवून डॉक्टरांची व्हॅन. आरशात मिस्त्री दिसत होते. ती अवजड गाडी त्यांच्या हातात अशी चालत होती, की जणू वजनच नव्हतं तिला. वळणावर ती हळूच कलायची आणि हळूच सरळ व्हायची. डॉक्टरांना तीन महिन्यांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी पहिल्या दोन वळणांत करून दाखवलं, आणि ते बघायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

रस्ता अरुंद होत गेला. एका बाजूला संत्र्याच्या बागा, दुसरीकडे झुडपं. पुढचे सगळे एका वळणाआड गेले. तेवढ्यात झुडपातून एक रोही बाहेर आला. तुमच्याकडे नीलगाय म्हणत असतील. भला मोठा नर. माझ्यासमोरून तो रस्ता पार करून गेला, आणि मी ब्रेक दाबला. उशिरा दाबला आणि एकदम दाबला.

माझी गाडी रस्त्याच्या मधोमध आडवीतिडवी होऊन थांबली. मी पडलो नाही. मागून टायर घासल्याचा आवाज आला. मिस्त्री माझ्यावर येऊन आदळणार हे माझ्या पाठीला कळलं. पण ते आदळले नाहीत. त्यांनी गाडी डावीकडे मुरमात घातली. ती घसरली आणि उजव्या हातावर ते पडले.

मी धावलो. ते उठून बसले होते. हेल्मेट काढून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, तुमाले लागलं नाई ना?"

दुसरा विचारला, "गाडीचं काय झालं?"

गाडीचा दिवा फुटला होता, टाकीला मोठा ओरखडा गेला होता. त्यांचं उजवं मनगट बघता बघता सुजायला लागलं.

पाच मिनिटांत व्हॅन आली, पुढचे सगळेही परत फिरून आले. डॉक्टर व्हॅनमधून उतरले ते सरळ गाडीकडे गेले. टाकीवरून हात फिरवला. "तीन महिने," एवढंच म्हणाले.

"मी सांगत होतो," अध्यक्ष म्हणाले, खरं तर त्यांनी असं काहीच सांगितलं नव्हतं. "एवढी मोठी गाडी हातात आली की डोकं फिरतं माणसाचं. पळवली असेल. काय रे, किती स्पीडमध्ये होता?"

मिस्त्रींनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रोही पळून गेला होता. तो फक्त आम्ही दोघांनी पाहिला होता. मला म्हणायचं होतं, 'माझ्यामुळे झालं हे. त्यांनी मला वाचवलं.' वाक्य सोपं होतं. मी वर्गात याहून अवघड वाक्यं रोज सोडवून दाखवतो. पण सगळे चिडलेले होते, डॉक्टर टाकीजवळून हलत नव्हते, आणि मला वाटलं, जरा शांत झाल्यावर सांगू. मी म्हणालो, "जाऊ द्या, आधी त्यांचा हात बघा."

डॉक्टरांनी हात पाहिला. बोटं हलवायला सांगितली. मिस्त्रींनी ओठ दाबून हलवली. "मुका मार आहे," डॉक्टर म्हणाले. "फ्रॅक्चर असतं तर हलली नसती."

ते दातांचे डॉक्टर आहेत हे त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

मग गाडी व्हॅनमध्ये चढवायची ठरली. आम्ही सहा जण लागलो. आम्हाला येईना. शेवटी मिस्त्री उठले, दुखरा हात छातीशी धरून बाजूला उभे राहिले आणि डाव्या हाताने दाखवत राहिले. "फळी तिरपी लावा. पुढचं चाक कोपऱ्यात फसवा. दोर हँडलले नका बांधू, खालून घ्या. हां. अजून एक गाठ."

गाडी नीट बसली. त्यासाठी मागच्या बॅगा काढून पुढे ठेवाव्या लागल्या. डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर बॅगा, जेवणाचे डबे, आणि सगळ्यांच्या वर केकचा खोका.

तेव्हा कुठे प्रश्न आला, मिस्त्रींना कुठे बसवायचं.

"मागे गाडीसोबत बसतील," कोणीतरी म्हणालं.

"हात दुखतोय, धरतील कसे? गाडी अंगावर आली तर?" डॉक्टर म्हणाले. काळजीनेच म्हणाले.

"ॲम्ब्युलन्स बोलवू या का?" मी विचारलं.

"मुक्या माराला?" अध्यक्ष म्हणाले. "अरे यार, इथून बस जाते कारंज्याला. व्हॅन हळू न्यावी लागेल, आत गाडी आहे. बस लवकर पोचेल. मिस्त्रीच्याच फायद्याचं आहे."

यातलं एकेक वाक्य तपासून बघा. एकही तसं खोटं नव्हतं. मी नंतर पुष्कळदा तपासलं आहे.

बॅगा खाली उतरवून चार गाड्यांवर बांधता आल्या असत्या. केक मिस्त्रींच्याच मांडीवर बसू शकला असता. आणि सगळ्यात सोपं म्हणजे माझ्या गाडीची मागची सीट रिकामी होती. तिच्यावर फक्त माझं पावसाळी जाकीट बांधलेलं होतं, फेब्रुवारी महिन्यात. पण धरणाजवळ सगळ्यांनी एका रांगेत पोचायचं, फोटो काढायचे, असं ठरलं होतं. मी मिस्त्रींना घेऊन दवाखान्यात गेलो असतो तर रांगेतून बाहेर पडलो असतो. आणि वाटेत ते माझ्या मागे, माझ्या खांद्याला धरून बसले असते. ते मला नको होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, पण खरं हेच आहे.

मी त्यांच्याजवळ गेलो. म्हणालो, "मिस्त्री, मी थांबू का?"

थांबायचं असतं तो माणूस असं विचारत नाही. त्यांनाही ते समजलं. "तुम्ही निघा सर," ते म्हणाले. "सगळे वाट पाहून राह्यले."

मी निघालो. आरशात ते बागेच्या कुंपणापाशी दगडावर बसलेले दिसले. मग वळण आलं.

धरणाजवळ केक कापला. साखरेच्या मोटरसायकलचं चाक माझ्या वाट्याला आलं. मी ते खाल्लं.

संध्याकाळी घरी पोचलो तर ग्रुपवर फोटो आलेले होते. खाली अध्यक्षांचा संदेश होता, "आजच्या प्रकारावरून धडा. यापुढे सपोर्ट व्हॅनच्या माणसाला कोणीही गाडी चालवायला देऊ नये." त्याखाली एकामागून एक अंगठे. नवव्या अंगठ्यानंतर बराच वेळ कोणाचा आला नाही. दहावा माझा होता.

मिस्त्री ग्रुपवर नव्हते. त्यांना आम्ही कधी घेतलंच नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी त्यांच्या शेडवरून गेलो तर बंद. पुढच्या आठवड्यातही बंद. मग मी मागच्या गल्लीत त्यांचं घर विचारत गेलो. दारात त्यांची बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी कोण ते सांगितलं.

"हो जी, ओळखलं," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "गाडी सुधरली का तुमच्या डॉक्टरची?"

मी मान हलवली.

"बरं झालं. यांचा हात नाई सुधरला. बसा."

मिस्त्री आत खाटेवर होते. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर. मला पाहून उठायला लागले, मी बसवलं. त्यांनी सांगितलं ते असं. डॉक्टरसाहेबांनी मुका मार सांगितला म्हणून ते कारंज्याला दवाखान्यात गेलेच नाहीत. बस बदलून सरळ घरी आले. आठ दिवस हळद लावली, शेक दिला, आणि त्याच हाताने शेडमध्ये कामही केलं. पाना हातातून गळून पडायला लागला तेव्हा हाताचा एक्स-रे काढला. मनगटातलं बारीक हाड तुटलेलं, आणि आठ दिवसांत सरकलेलं.

"आता पकड येते का नाई, देव जाणे," ते म्हणाले.

"बस लवकर आली होती का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"दोन घंटे लागले. पण बागेत संत्रं तोडाले बाया आलत्या. जंगलाकडच्या गावच्या. आपसात त्यायच्या बोलीत बोलत, माह्याशी मराठीत. एकीनं हात पाह्यला अन् म्हणे, दादा, हे तुटलं हाय, हलवू नको. संत्र्याच्या पेटीची फळी लावून ओढणीनं बांधून देल्ला तिनं. दोन संत्रं सोलून चारले. बस आली तर कंडक्टरले भांडून जागा करून देल्ली मले." त्यांनी खुंटीकडे पाहिलं. "ओढणी वापस कराची राहून गेली. कोण होती, नावही नाई माईत."

खुंटीवर एक निळी ओढणी धुऊन, घडी करून ठेवलेली होती.

मी आधी ठरवून आलेलं वाक्य म्हणालो. "मिस्त्री, चूक माझी होती. मी सगळ्यांना सांगायला हवं होतं. आता सांगतो."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या सर. ते नेहमी तसंच म्हणत. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो, हेही कबूल करतो.

त्यांनी प्लास्टरचा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तवा सांगाचं होतं सर. तवा मी तुमच्याकडं पाह्यलं होतं."

बाहेर शेंगा सोलण्याचा आवाज थांबला.

"आता सांगून कोणाचं काय होते?" ते पुढे म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमाले हलकं वाटन. मले हात थोडीच येते?"

मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, आता म्हणतील. पण ते वेगळंच बोलले. "पण सर, गाडी मस्त होती. पडाच्या आधी… काय चालली होती ना?"

"मी पाहत होतो आरशात," मी म्हणालो. "तुमच्यासारखी कोणी नाही चालवली ती."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी ग्रुपवर सांगितलं का? सांगितलं. दोन दिवसांनी, चार ओळींत, 'रोही आल्यामुळे' अशी सुरुवात करून. अध्यक्षांनी नमस्काराचं चित्र टाकलं. डॉक्टरांनी लिहिलं, 'असू दे सर, होतं असं. गाडी आता ठीक आहे.' त्यानंतर कोणीतरी पुढच्या फेरीची तारीख विचारली.

हाताची पकड आली नाही. पावसाळ्याआधी मिस्त्रींनी शेड सोडलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं विकतात. नावाची लाल अक्षरं पांढऱ्या रंगाने पुसली आहेत, ऊन तिरपं पडलं की अजून दिसतात. मिस्त्री कुठल्याशा गोदामावर दिवसपाळीचे चौकीदार आहेत असं कळलं.

मी ग्रुप सोडला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही सोडला. दोन फेऱ्या चुकवल्या, तिसऱ्या वेळी गेलो.

गेल्या महिन्यात आम्ही सकाळी नालवाडीवरून निघालो. नवी व्हॅन, नवा ड्रायव्हर. चौकात रस्त्याच्या कडेला मिस्त्री उभे होते. अंगात चौकीदाराचा खाकी सदरा, डाव्या हातात डब्याची पिशवी. रस्ता ओलांडायचा होता त्यांना. आमची रांग जात होती म्हणून थांबले होते. एकेक गाडी त्यांच्यासमोरून गेली. कोणी हॉर्न दिला नाही, कोणी हात केला नाही. हेल्मेटमध्ये आजूबाजूचं नीट दिसत नाही, हे खरं आहे.

शेवटचा मी होतो. मी गाडी हळू केली. हेल्मेटची काच वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यामागे व्हॅन येत होती, तिच्याकडे बघत होते. ती जाऊ दिली त्यांनी. मग दोन्ही बाजूंना नीट पाहून, सावकाश, रस्ता ओलांडला.